मंडळीचे स्वराज्य

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की आपल्या मराठी विभागांतून एक ठरलेला प्रश्न येतो : स्वातंत्र्यलढ्यात हे लोक होते कुठे? प्रश्नाच्या पोटातच उत्तर दडलेले असते आणि त्यामागचे गृहीत कोणी तपासत नाही. लढा म्हणजे केवळ इंग्रजांशी आणि तुरुंगवास हीच त्याची पावती, हे ते गृहीत. केजमध्ये बसून असे मानणे तर फारच नवलाचे. या गावाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य मिळाले नाही; निजामाच्या राजवटीतून मराठवाडा सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. सत्ता एकच नसते, हे आपल्याला तरी सांगावे लागू नये.

शेजारच्या अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे पाहा. १८३१ पासून तेथे कार्यरत असलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेतले. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त, तिच्यावर बिशप नाही, पाळक तिनेच निवडायचा, हे या परंपरेचे मूलतत्त्व. हे मिशन इंग्रज सत्तेचेच अपत्य, असेही म्हणता येत नाही. १८१३ मध्ये त्याचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडायला निघाले होते. पुढे मात्र सूर जुळले. दुष्काळातील कार्यासाठी रॉबर्ट ह्यूम यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले. माणसे जगवली गेली हे खरे. पदक साम्राज्याचे होते, हेही तितकेच खरे. मंडळी तत्त्वाने स्वतंत्र होती, पण पगाराची थैली परदेशी हातांत होती.

या विसंगतीवर बोट ठेवले ते नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने भाषांतरित गीतांच्या जागी अभंग-ओव्यांच्या वळणाची भजने दिली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे म्हणणाऱ्या माणसाला परक्या साच्यातली उपासना कशी मानवावी? भजनाची चाल बदलणे आणि पगार नाकारणे, ही एकाच बंडाची दोन अंगे होत.

यावर आक्षेप येईल : हे चर्चमधले घरगुती भांडण, त्याला स्वातंत्र्यलढा कसे म्हणावे? मग १८७३ च्या सत्यशोधक समाजाला आपण काय म्हणतो? पुरोहितशाहीविरुद्धचा तो लढा आपण मुक्तीचा लढा म्हणूनच शिकवतो, आणि ते योग्यच आहे. तोच न्याय येथे लावायला हात का आखडावा?

मिशन संस्था म्हणून राष्ट्रीय चळवळीत उतरले, असा आमचा दावा नाही. तसे म्हणणे इतिहासाला रंग फासणे होईल. परंतु संस्थेच्या मौनाची शिक्षा तिच्यातील बंडखोराला देऊ नये. टिळकांना आपण ‘फुलामुलांचे कवी’ या बिरुदात कोंडले, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ गमतीदार प्रसंगांपुरती वाचली आणि त्यांनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून दिले. ते कपाट उघडण्याची जबाबदारी मिशनची नव्हे. मराठीच्या अध्यापकांची आहे.