माजी सरपंचाचं काय करायचं?
गावाला तरुण सरपंच मिळणं आता अप्रूपाचं राहिलेलं नाही. अवघड आहे ते त्याला टिकवणं. वयाच्या २१व्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहता येतं. पण ग्रामनिधी, रोजगार हमी, वित्त आयोगाचा हिशेब यांची कुठे नीट ओळख होते, तोवर पाच वर्षं सरतात आणि सरपंचपदाचं आरक्षण बदलतं. आरक्षण हवंच, ते नसतं तर कितीतरी गावांत बाईला ती खुर्ची मिळालीच नसती. प्रश्न आहे खुर्चीवरून उठलेल्यांचा. हिवरे बाजार या गावाने १९८९मध्ये पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा हा मुलगा गावात रमेल, असं घरच्यांनाही वाटत नव्हतं. पुढे ते उपसरपंच म्हणूनही त्याच कामात राहिले. शेतीला बोअरवेलबंदी, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, हे सगळं एका मुदतीत रुजणारं नव्हतंच. मात्र प्रत्येक गावाला असा माणूस मिळत नाही, आणि पोटाचं गणित कुणालाच चुकत नाही. दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावातल्या सरपंचाचं मानधन सप्टेंबर २०२४पर्यंत महिना तीन हजार होतं. तेव्हा ते दुप्पट करण्याचा निर्णय झाला. सहा हजारांत घर चालत नाही, म्हणून शिकलेला पोरगा चाकण-रांजणगावच्या कारखान्यांची वाट धरतो. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने २००६पासून ‘निर्माण’ उपक्रमातून समाजकार्याकडे वळणारी तरुण मंडळी घडवली. माजी सरपंचांसाठी तसं काही अजून कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही; निदान शेजारच्या नवख्या सरपंचांना शिकवायचं काम तरी त्यांना मानधन देऊन सोपवता येईल.