मोजायची पट्टी, मारायची पट्टी

मी महापालिकेच्या शाळेत मास्तर आहे. शिकलोही महापालिकेच्याच शाळेत. पट्टीच्या दोन्ही टोकांना उभा राहून झालंय माझं, म्हणून बोलतो.

पहिलं टोक असं. तिसरीत बाईंनी शुद्धलेखन घातलं. 'आईने पाणी आणले.' मी लिहिलं, 'आयनं पानी आनलं.' तीन शब्द, तीन लाल गोळे, तीन पट्ट्या हातावर. लाकडी फूटपट्टी. जिनं बाई पाटीवर समास आखायच्या, तीच. आमच्या चाळीत 'पाणी' नव्हतंच मुळी, पानीच होतं. आय पहाटे तीनला उठून नळावर भांडून आणायची. त्या पान्यानं तहान भागायची, पण मार्क मिळत नव्हते. ज्याच्या घरात 'ण' जन्मापासून नाकात बसलेला, तो शेजारचा पोरगा तीनपैकी तीन घेऊन गेला. त्यानं कष्ट काय केले? जन्माला आला.

दुसरं टोक आत्ताचं. २०२३-२४ पासून राज्यात नियतकालिक मूल्यांकन चाचणी आली. पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. पेपर वरून छापून येणार, गडचिरोलीला तोच, गोवंडीला तोच, पुण्यातल्या अनुदानित शाळेला तोच. मास्तरनं तपासायचे आणि गुण चॅटबॉटवर भरायचे. यामागं 'स्टार्स' नावाचा प्रकल्प आहे. २०२० साली जागतिक बँकेनं ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, सहा राज्यांसाठी, त्यात महाराष्ट्र. म्हणजे आपल्या पोराला बेरीज येते की नाही याचा हिशेब आता वॉशिंग्टनपर्यंत जातो. वर्गातला पंखा तीन महिने बंद आहे याचा हिशेब मात्र मजल्यावरून खाली जात नाही.

माझ्या वर्गात एक पोरगी आहे. आईच्या भाजीच्या गाडीवर संध्याकाळी बसते. अर्धा किलो, पाव किलो, शंभराच्या नोटेचे सुटे, सगळं तोंडी, माझ्यापेक्षा फास्ट. पेपरात तोच हिशेब आला, पण चार ओळींच्या छापील वाक्यात. पोरगी वाक्यापाशीच अडली. हिशेबापर्यंत पोचलीच नाही. कोऱ्या चौकटीकडं बघत बसली. मी मागून गेलो आणि उत्तर सांगितलं. हो, सांगितलं. चॅटबॉटवर गुण भरले आणि रात्री झोप आली नाही. मी तिला वाचवलं की सरकारला? तिला वाचता येत नाही, ही खबर वर जायला पाहिजे होती, ती मीच दाबली. पण वर गेली असती तर काय झालं असतं? तिच्या नावापुढं शिक्का बसला असता. आणि माझ्या नावापुढं मेमो.

हा रोग आपलाच आहे असं समजू नका. अमेरिकेत २००२ साली बुशनं कायदा केला, 'एकही मूल मागे राहणार नाही'. नाव बघा किती गोड. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची सरकारी चाचणी, गुण वाढले नाहीत तर शाळेवर कारवाई, २०१४ पर्यंत शंभर टक्के पोरं पास झाली पाहिजेत. काय झालं? अटलांटात, जिथल्या सरकारी शाळांत बहुतेक पोरं काळी, २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक सापडले. कुणी पोरांना उत्तरं सांगितलेली, कुणी उत्तरपत्रिका खोडरबरनं पुसून दुरुस्त केलेल्या. २०१५ साली ११ जण कोर्टात दोषी ठरले. कायद्याला शिक्षा कुणी दिली नाही. त्याच साली तो बदलला.

आता मुद्द्याचं. १९७२ साली आपण 'पँथर' हे नाव जिथून उचललं ते ओकलंड. त्याच्यासमोर, खाडीपलीकडं सॅन फ्रान्सिस्को. तिथं १९७१ साली काही काळ्या पोरांच्या वतीनं खटला भरला गेला. लॅरी पी. हे त्यातल्या एका पोराचं कोर्टानं झाकलेलं नाव. या पोरांना बुद्ध्यांक चाचणीच्या जोरावर 'मतिमंद' ठरवून वेगळ्या वर्गात टाकलं होतं. १९६८-६९ साली कॅलिफोर्नियाच्या शाळांत काळी पोरं ९ टक्के, आणि मतिमंदांच्या वर्गात २७ टक्के. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी तीच पोरं पुन्हा तपासली. पोरांच्या बोलीत प्रश्न समजावले, जरा जीव लावून बसले. झालं, सगळी पोरं मतिमंदाच्या रेषेवर! १९७९ साली न्यायमूर्ती पेकहॅमनी निकाल दिला : काळ्या पोरांना त्या वर्गात ढकलायला ही चाचणी वापरायची नाही.

पण पट्टी कशी बनली होती ते ऐका. टर्मन नावाचा प्रोफेसर. १९१६ च्या पुस्तकात त्यानं लिहून ठेवलं की काळ्यांच्या, मेक्सिकनांच्या, आदिवासींच्या घराण्यात ही मंदता रक्तातून येते, त्यांच्या पोरांना वेगळं बसवा. वेगळं बसवा! आठवतं ना बाबासाहेबांचं गोणपाट? घरून आणायचं, त्यावर बसायचं, घरी घेऊन जायचं, कारण शाळेचा नोकर शिवणार नाही. आपल्याकडं गोणपाट होतं, त्यांच्याकडं बुद्ध्यांक. पुढं १९३७ साली याच टर्मननं चाचणी सुधारली. काही प्रश्नांत मुलं पुढं, काहींत मुली पुढं असं दिसलं, तर त्यानं ते प्रश्नच काढून टाकले. बरोबरच केलं, मुलामुलींची अक्कल सारखी, मग फरक पाडणारा प्रश्नच चुकीचा. पण गोरा पुढं, काळा मागं असं दिसलं तेव्हा? तेव्हा प्रश्न बरोबर, काळा चुकीचा. आणि १९४९ साली वेक्सलरची मुलांची चाचणी ज्या २,२०० पोरांवर 'प्रमाणित' केली, ती झाडून सगळी गोरी.

'प्रमाणित' शब्दातच सगळी गोम आहे. प्रमाण भाषा, प्रमाणित चाचणी. प्रमाण कुणाचं? नदीच्या वरच्या अंगाला पाणी भरणाऱ्याचं.

म्हणाल, ही अमेरिकेची जुनी रड. बरं, दिल्लीची सांगतो. 'पिसा' नावाची जागतिक चाचणी आहे, पंधरा वर्षांच्या पोरांची. २०१० च्या सुमाराला भारतानं तमिळनाडू आणि हिमाचल उतरवले. सरकारला वाटलं, ही आपली हुशार राज्यं. निकाल लागला आणि ७४ देश-प्रदेशांच्या यादीत दोघंही तळाला, किर्गिझस्तानच्या पंगतीला. मग सरकार काय म्हणालं? आम्ही कमी पडलो म्हणालं? छे! म्हणालं, प्रश्न आमच्या संस्कृतीला धरून नाहीत. म्हणालं, पट्टीच वाकडी. आणि २०१२, २०१५, २०१८, २०२२ — एकाही फेरीला बसलं नाही. मधे २०१९ साली बसायचं ठरवलं, करारही केला. पण उतरवायची कोणती पोरं? चंदीगडची, केंद्रीय विद्यालयांची, नवोदयची. झेडपीची नाही, महापालिकेची नाही.

च्यायला, मग माझ्या तिसरीतल्या 'पान्या'चं काय? मी पण म्हणू शकलो असतो, बाई, प्रश्न आमच्या संस्कृतीला धरून नाही, पुढच्या चार फेऱ्या मी बसत नाही. हातावर चार पट्ट्या जास्त बसल्या असत्या, एवढंच.

आता तुमच्यातला कुणीतरी मला थांबवेल, आणि थांबवायलाच पाहिजे. म्हणेल, कॉम्रेड, परीक्षेनंच आपण वर आलो. उत्तरपत्रिकेवर नंबर असतो, आडनाव नसतं. तोंडी परीक्षेत आडनाव विचारून मार्क कापणारे आपण पाहिलेत. एकदम कबूल. माझी नोकरी लेखी परीक्षेतून आली, कुणाच्या मेहेरबानीतून नाही. नंबराखाली आडनाव झाकलं जातं. पण भाषा झाकली जात नाही. उपाशी पोट झाकलं जात नाही. ब्लॅक पँथरनी १९६९ साली ओकलंडमध्ये पोरांना शाळेआधी फुकट नाष्टा सुरू केला. आधी पोट, मग प्रश्न. माझं भांडण परीक्षेशी नाही. शाळेची परीक्षा न घेता पोराची घेतात, त्याच्याशी आहे.

बघा ना खेळ कसा चाललाय. २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू, आठवीपर्यंत नापास करायचं नाही. त्याच्या जोडीला शिकवायचंही होतं. वर्षभर मूल्यमापन करायचं होतं, कच्च्या पोराला हात द्यायचा होता. तो भाग सरकारनं गिळला आणि नापास न करणं तेवढं ठेवलं. पोरं न वाचता सातवीत गेली. मग बोंब झाली की कायदाच वाईट. २०१९ साली दुरुस्ती, डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याचा नियम : पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा, पुन्हा एक संधी, त्यातही गेलं तर त्याच वर्गात. शिकवलं नाही कुणी, शिक्षा भोगणार कोण? दहा-अकरा वर्षांचं पोर. पाचवीत दुसऱ्यांदा बसलेली पोरगी सहावीत जात नाही रे. ती धुण्याभांड्याला जाते. हे मला आकड्यांनी सांगायला नको, आमच्या वस्तीत गल्ली दाखवतो.

भाजीच्या गाडीवरच्या त्या पोरीला मी आता रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास वाचायला बसवतो. तिचंच वाक्य घेतो. 'मावशे, पाव किलो गवार कितीला?' आधी ते वाचतो, मग पुस्तकातलं. येतंय तिला.

आणि आम्ही चौघा-पाच मास्तरांनी एक ठरवलंय. पुढच्या चाचणीला उत्तर सांगायचं नाही. जे येईल ते येईल. पण पोरांच्या गुणांशेजारी आणखी एक कागद जोडायचा. वर्गात पोरं किती, मास्तर किती. वर्षात निवडणुकीच्या आणि सर्व्हेच्या कामाला मास्तर किती दिवस बाहेर. मुतारीत पाणी किती वाजता जातं. पुस्तकं कोणत्या महिन्यात आली. कोणत्या पोराच्या घरची बोली कोणती. चॅटबॉटवर याला रकाना नाही, म्हणून हातानं लिहून बीट ऑफिसरच्या टेबलावर ठेवणार. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. तुमच्या वस्तीतल्या शाळेत असं कुणी मास्तर असेल तर त्याला गाठा. नसेल तर तुम्हीच वही-पेन घेऊन जा, आत सोडणार नाहीत, गेटावर उभं राहून लिहा.