लांडगा खरोखर आला, त्यानंतर

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकल्यावाचून आपल्यापैकी कोणाचे बालपण सरले असेल? पोर खोटे बोलले, गावकरी दोनदा फसले, तिसऱ्या खेपेस कोणी धावले नाही, मेंढरे गेली आणि गोष्ट संपली. आजी तेथेच थांबे. गुरुजीही तेथेच थांबत. परंतु त्या पोराचे पुढे काय झाले, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. त्याचे उत्तर आम्हांस यंदा अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले.

मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडे घरी जमली की ‘वन पीस’ नावाची जपानी चित्रमालिका पाहत बसतात. एइचिरो ओदा यांची मूळ चित्रकथा १९९७ साली सुरू झाली. तिच्यावरील हलत्या चित्रांची मालिका १९९९ च्या ऑक्टोबरात दाखवू लागले. तिचे भाग आता अकराशेंच्या वर गेले आहेत. लुफी नावाचा पोरगा तिचा नायक, आणि तो व त्याचे सोबती समुद्रावरचे चाचे! आम्ही प्रथम कपाळाला आठ्याच घातल्या. परंतु मुलांशेजारी बसता बसता आमची दृष्टी नायकावरून ढळून त्याच्या एका लांब नाकाच्या सोबत्यावर खिळली. त्याचे नाव उसोप.

जपानी भाषेत ‘उसो’ म्हणजे खोटे, आणि आपल्या इसापास ते लोक ‘इसोप्पु’ म्हणतात. या दोहोंची सांगड त्या नावात आहे. इसाप जपानात नवखा नव्हे. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी १५९३ साली आमाकुसा येथे इसापाच्या गोष्टी जपानी भाषेत, पण रोमी लिपीत छापल्या. आणि तो छापखाना युरोपातून जपानला जाताना आपल्या गोव्यास थांबून गेला होता. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

उसोपाचा बाप चाचा होऊन घर सोडून गेलेला. आई अंथरुणास खिळली, तेव्हा तिला धीर यावा म्हणून हा पोर ‘चाचे आले, बाबा आले’ असे खोटेच ओरडे. आई गेली, ओरडणे मात्र राहिले. रोज सकाळी तो गावभर ‘चाचे आले’ म्हणून धावे आणि लोक त्याच्या मागे लागत. कायानामक एका आजारी, पोरक्या मुलीस खिडकीबाहेरच्या झाडावर बसून थापा मारून हसवी. पुढे एके दिवशी चाचे खरोखरच येणार असे त्याला कळले. तो जीव तोडून ओरडला. कोणी मानले नाही. इसापाची गोष्ट येथे संपते. उसोपाची येथे सुरू होते. तो नव्या मित्रांसह गावाच्या वाटेवर उभा राहिला, लढला, आणि संकट टळल्यावर आपल्या चिमुकल्या सवंगड्यांना म्हणाला, हे कोणास सांगू नका, गावकऱ्यांना उगाच भय कशास? ज्या गावाने विश्वास ठेवला नाही, त्याची झोप त्याने मोडू दिली नाही.

एवढ्यावर तो शूर झाला असे मात्र नाही; हेच आम्हांस फार आवडले. तो पुढेही भितो, पळतो, फुशारक्या मारतो. कायाने दिलेले त्यांचे जहाज दुरुस्तीपलीकडे मोडले, तेव्हा ते सोडण्याचा निर्णय नायकाने घेतला. मोडके जहाज टाकतात, तसे उद्या दुबळ्या मलाही टाकतील, हे शल्य उसोपाच्या मनात सलले. तो नायकाशी भांडला, झुंजला, हरला आणि निघून गेला. मैत्रीण संकटात आहे असे कळताच मुखवटा घालून मदतीस धावला. कारण उघड्या तोंडाने येण्याची लाज वाटत होती. सारे निवळल्यावर परतण्याची वेळ आली. सोबत्यांपैकी एकाने बजावले की, त्याने आधी क्षमा मागितली पाहिजे. उसोप मनाशी नाना सबबींची तालीम करीत राहिला. जहाज किनारा सोडून निघाले, तेव्हा कोठे सबबी गळाल्या आणि तो रडत ओरडला की, माझे चुकले. नायकाने तत्काळ हात पुढे केला.

पुढे ड्रेसरोझा नामक राज्यात बुटक्या लोकांनी त्याला थोर वीराचा वंशज समजून भरवसा टाकला. त्यानेच तशी थाप मारली होती. लढाईत तो पळाला. परंतु ते भाबडे लोक मार खातानाही त्याचेच नाव घेत आहेत हे पाहून तो परतला, खोटे कबूल केले आणि मग उभा राहिला. विजय मिळाला, तोही त्याच्या पराक्रमाने नव्हे. त्याच्या वेड्यावाकड्या चेहऱ्यास भिऊन शत्रुपक्षाची मुलगी बेशुद्ध पडली म्हणून!

आईबापहो, आता एक आमची गोष्ट. आमचा धाकटा नातू थापाड्या आहे. त्या सुट्टीत पाण्याचा माठ फुटला. ‘आजोबा, मी नाही फोडला,’ असे तो वारंवार म्हणत होता. आम्ही मानले नाही, आणि त्याला जेवणापूर्वी कोपऱ्यात उभे केले. दुसऱ्या दिवशी त्याच फळीवरून मांजराने तांब्या पाडताना आम्ही स्वतः पाहिले. तरी आम्ही गप्प राहिलो. एवढ्याशा पोराजवळ वडीलधाऱ्याने काय बोलावे, असे वाटले.

उसोप किनाऱ्यावरून ओरडला, त्या सायंकाळी तो पोर आमच्या मांडीशी बसला होता. आमच्याही मनात तशाच सबबींची तालीम चालली होती. शेवटी आम्ही म्हणालो, ‘बाळा, माठाच्या बाबतीत आमचे चुकले.’ त्याने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले, ‘ठाऊक आहे, आजोबा.’ थोड्या वेळाने मात्र तो हळूच म्हणाला की, मागे फुटलेला कंदील त्याने फोडला होता.

लबाड मुलास शिक्षा खुशाल करावी. परंतु तो ज्या दिवशी खरे बोलेल, त्या दिवशी ऐकणारे एक तरी माणूस घरात असावे.