घोड्यावर बसायला डॉक्टरची चिठ्ठी कशाला?

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर घोडा ठरवणाऱ्या पर्यटकाला कुणी विचारत नाही, की या रपेटीने तुमच्या पाठीच्या स्नायूंना नेमका किती फायदा होणार आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पोराला घोड्यावर बसवून फोटो काढणाऱ्या बापाकडे कुणी संशोधनाचे दाखले मागत नाही. पोराला मजा येते, एवढं कारण पुरतं. तेच पोर सेरेब्रल पाल्सीचं असलं, स्वमग्न असलं किंवा त्याला डाउन सिंड्रोम असला, की हे कारण पुरेनासं होतं. मग रपेटीची 'थेरपी' होते. तिला उद्दिष्टं लागतात, सत्रं लागतात, आणि दर महिन्याला 'काही फरक पडला का?' हा प्रश्न लागतो. फरक दिसला नाही तर घोडा बंद.

अपंग माणसाची मजा आपल्याकडे मजा म्हणून मान्य होत नाही. ती उपचाराच्या नावावर करून घ्यावी लागते. या रिवाजाला माझा विरोध आहे, आणि घोडेस्वारीच्या निमित्ताने तो मांडायचा आहे. मी इथे 'अपंग' हाच शब्द वापरणार आहे. २०१५ नंतर सरकारी कागदांवर 'दिव्यांग' आला. पण कुणाला दिव्य ठरवलं की त्याच्या साध्यासुध्या हौशी विचारात घ्यायचं राहून जातं, असा माझा संशय आहे. घोड्यावर बसावंसं वाटणं ही अशीच एक साधी हौस.

आधी थेरपीची बाजू नीट सांगतो, कारण ती पोकळ नाही. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढेमागे, वरखाली आणि दोन्ही बाजूंना अशी तिहेरी हलते. वर बसलेल्याची कंबर त्या लयीत जशी हलते, ती हालचाल माणूस स्वतःच्या पायांनी चालताना होते तिच्याशी बरीच मिळतीजुळती असते. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कमरेला चालण्याचा ताल असा कळतो. मांड्या फाकवून बसल्याने आणि जनावराच्या अंगाच्या उबेने आखडलेले स्नायू सैलावायला मदत होते. तोल सांभाळताना मान, पाठ, पोट सगळ्यांना काम करावं लागतं. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट ही हालचाल साधन म्हणून वापरतात, तेव्हा तिला हिप्पोथेरपी म्हणतात. तो उपचार आहे, त्याला उपचाराचीच कसोटी लावावी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अपंग माणूस घोड्याजवळ गेला की तो प्रसंग सरसकट उपचारात जमा करण्याबद्दल.

असं केलं की काय होतं ते पाहा. ऑस्ट्रेलियात सेरेब्रल पाल्सी असलेल्या ९९ मुलांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना दहा आठवडे घोडेस्वारी दिली, काहींना दिली नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. मुलांच्या हालचालीत, आरोग्यात, जीवनमानात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. उलट अमेरिकेत १२७ स्वमग्न मुलामुलींवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या स्वारीनंतर चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाल्याचं आढळलं. दोन्ही अभ्यास काळजीपूर्वक केलेले आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण घोडा हे फक्त औषध असेल, तर पहिल्या अभ्यासानंतर सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा घोडा काढून घ्यावा लागेल. शाळेच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचे गुडघे दहा आठवड्यांत सुधारले नाहीत, म्हणून त्यांची बॅट कुणी काढून घेतल्याचं ऐकलंय का? खेळाने प्रकृती सुधारली तर चांगलंच, नाही सुधारली तरी पोरं खेळतात. अपंग मुलाला मात्र खेळण्यासाठी आधी सुधारून दाखवावं लागतं.

या सगळ्या चळवळीची मूळ गोष्ट म्हणून जिचं नाव घेतात, ती लिझ हार्टेल ही डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ साली गरोदर असताना तिला पोलिओ झाला. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज प्रकारात तिने ज्युबिली या घोडीवर बसून रौप्यपदक मिळवलं. त्याआधी हा प्रकार लष्करी अधिकाऱ्यांसाठी राखीव होता. बायकांना तो खुला झाला त्याच वर्षी. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य मिळवलं. थेरपीच्या माहितीपत्रकांना साजेसा अर्थ असा की घोड्याने तिला बरं केलं. पण ती पूर्ण बरी झालीच नव्हती. गुडघ्यांखाली पायांत ताकद नव्हती, घोड्यावर चढायला-उतरायला माणसं लागायची, आणि पदक घ्यायला तिला सुवर्णविजेत्या स्वीडिश घोडेस्वाराने आधार देऊन व्यासपीठावर नेलं. ती आधीपासून घोडेस्वार होती आणि पोलिओनंतरही तिला घोडेस्वारच राहायचं होतं. हेलसिंकीच्या पंचांनी तिच्या स्वारीला गुण दिले. पायांत किती टक्के सुधारणा झाली, हे त्यांनी मोजलं नाही.

उपचाराच्या भाषेचा आणखी एक बळी आहे, तो म्हणजे प्रौढ अपंग. थेरपीच्या छायाचित्रात नेहमी लहान मूल असतं, कारण मुलाच्या बाबतीत सुधारणेचं वचन देता येतं. सरकारचा २०१३ सालचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही अठराव्या वर्षी थांबतो. पस्तिशीच्या, व्हीलचेअरवरच्या बाईला कुठली सुधारणा दाखवणार? तिचा आजार आहे तिथेच राहणार आहे. म्हणून तिच्यासाठी घोडा नाही. घोड्यावर बसल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा उभ्या माणसांकडे वरून बघता येईल, ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात बसत नाही. आपल्या समाजाला घोड्यावरच्या उंचीचा अर्थ चांगला कळतो. नवरदेव घोड्यावर असतो, खंडोबा घोड्यावर असतो, आणि दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या आजही उत्तरेकडून येतात. घोड्यावर कोण बसणार हा आपल्याकडे मानाचा प्रश्न राहिला आहे. अपंगांच्या बाबतीतच तो स्नायूंचा प्रश्न कसा झाला?

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. हे सगळं मुंबई-पुण्याच्या क्लबांत ठीक आहे, खेड्यात याचं काय? म्हणून हा वाद मी भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीत नेतो. धानाची शेती, जवळ कोका अभयारण्याचं जंगल, मोठं रुग्णालय गाठायचं तर भंडारा, आणि तिथेही भागलं नाही तर आणखी साठेक किलोमीटरवर नागपूर. समजा, करडीत सेरेब्रल पाल्सी असलेली दहा वर्षांची मुलगी आहे. तिची आई म्हणेल, 'लेकीला नियमित फिजिओथेरपी मिळायची मारामार, आणि तुम्ही घोड्याच्या गोष्टी करता?'

त्या आईला माझं उत्तर असं, की फिजिओथेरपी हा तुमच्या लेकीचा हक्क आहे आणि घोडा हा तिच्यावरचा उतारा नाही. जिल्हा पातळीवर बालकांसाठी लवकर निदान व उपचार केंद्र असावं, हे बाल स्वास्थ्य कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. ते केंद्र नीट चालावं, तिथवर पोचण्याचा खर्च निघावा, गावाजवळ फिजिओथेरपिस्ट यावा, यासाठी भांडावंच लागेल. आणि म्हणूनच घोड्याला थेरपी म्हणू नका. थेरपी म्हटलं, की दोघांची मागणी एकाच थैलीतून येते. मग घोड्याने फिजिओथेरपीचे पैसे खाल्ले असं होतं, किंवा एखादा हुशार अधिकारी एक घोडा दाखवून फिजिओथेरपिस्टचं पद रिकामं ठेवतो.

मौजेचे पैसे मौजेच्या थैलीतून यावेत. ती थैली महाराष्ट्रात रिकामी नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्याला जोडून पर्यटन विभागाच्या पाठबळाने चेतक महोत्सव होतो. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. माथेरानचं तर पर्यटन घोड्यांवर उभं राहिलं. जिथे घोडे आहेत, घोडेवाले आहेत आणि सरकारचा पैसाही आहे, तिथे अपंगांनी वर चढावं म्हणून एक उताराचा ओटा बांधायला किती खर्च येतो?

कायदाही हेच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये उपचार आणि पुनर्वसनाची कलमं वेगळी आहेत. सांस्कृतिक जीवन व करमणूक यांसाठी कलम २९ आहे, खेळांसाठी कलम ३० आहे, आणि दोन्ही कलमं जबाबदारी शासनावर टाकतात. इतरांच्या बरोबरीने करमणुकीत भाग घेण्याचा हक्क तिथे लिहिला आहे. त्यासाठी फायदा सिद्ध करण्याची अट कायद्याने घातलेली नाही. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला. या विभागाने कलम २९ आणि ३० वर किती काम केलं, हे त्याला अपंगांनीच विचारायला हवं.

मौजेसाठी एवढं भांडायचं का, असं ज्यांना वाटतं त्यांनी शंकरपट आठवावा. पूर्व विदर्भात बैलजोड्यांच्या पटाची हौस जुनी आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. नऊ वर्षं मोर्चे, वकील, विधिमंडळ आणि सर्वोच्च न्यायालय. कशासाठी? परंपरेसाठी आणि मजेसाठी. पटाने कुणाचा संधिवात बरा होतो, असा दावा एकाही वकिलाला करावा लागला नाही. त्या निकालावर प्राण्यांच्या बाजूने आक्षेप आहेत आणि त्यांतले काही मला पटतात. पण मौज ही सार्वजनिक जीवनातली गंभीर गोष्ट आहे, हे या राज्याने स्वतःच्या वागण्यातून मान्य केलं आहे. आता फक्त तेच माप अपंगांना लावायचं आहे.

करडीत उद्या घोडा येणार नाही, हे मलाही कळतं. घोडेस्वारीचा कार्यक्रम नीट चालवायचा तर शांत, सरावलेला घोडा लागतो. एक माणूस लगाम धरायला आणि दोघं दोन्ही बाजूंना चालायला लागतात. हेल्मेट, ओटा, चारा, नालबंद, जनावरांचा डॉक्टर, सगळं लागतं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले जे पाच टक्के अपंगांवर खर्च करावे लागतात, त्यांत हे बसणार नाही. पण 'मजा हा हक्क आहे' हे एकदा मान्य केलं, की करडीत आज करता येईल असं पुष्कळ सापडतं. पटाच्या मैदानावर व्हीलचेअरसाठी मुरूम टाकून कडक केलेली जागा ठेवता येते. दिवाळीनंतर मंडई भरते, झाडीपट्टीतली नाटकं रात्रभर चालतात. त्या मंडपात पहिल्या रांगेशी उताराची वाट करता येते. बंडीत चढायला फळी लावता येते. थेरपीच्या नावाखाली यातली एकही गोष्ट मागता आली नसती, कारण रात्रभर नाटक बघून कुणाचा तोल सुधारत नाही.

चिठ्ठीबद्दल शेवटचं. घोड्यावर बसण्याआधी डॉक्टरशी बोलायला हवंच. खुबा निखळलेला असेल, झटके आटोक्यात नसतील, तर धोका आहे. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात. भंडारा-गोंदियाकडे सिकलसेल बरंच आहे आणि त्यात खुब्याचं हाड निकामी होऊ शकतं. अशा खुब्याने मांड्या फाकवून बसणं घातक ठरेल. हे सगळं तपासावं. पण ही चौकशी 'बसल्याने इजा होईल का?' याची आहे. 'बसल्याने उपयोग होईल का?' हे विचारण्याचा अधिकार त्यात येत नाही. पोहायला जाणाऱ्याला हृदयविकार आहे का, हे आपण विचारतो. पोहून तुझं काय भलं होणार, हे विचारत नाही.

घोड्याचंही यात हित आहे. औषध म्हटलं की मात्रा वाढवायचा मोह होतो, दिवसाकाठी आणखी चार पेशंट बसवले जातात. घोडा दमतो, कंटाळतो, त्याची पाठ दुखते. सोबती म्हणून वागवलेल्या जनावराला सुट्टी द्यायचं माणसाला सुचतं.

म्हणून मागणं एवढंच. माथेरानला, महालक्ष्मीच्या नव्या उद्यानात, सारंगखेड्याच्या महोत्सवात, जिथे घोडे माणसांच्या मौजेसाठी उभे आहेत तिथे उताराचा ओटा असावा, योग्य मापाची हेल्मेटं असावीत, आणि शिकवून तयार केलेली तीन माणसं पगारावर असावीत. पैसा पर्यटनाचा आणि क्रीडेचा असावा. वयाची अट नसावी. आणि करडीची ती मुलगी कधी सहलीला तिथवर पोचली, चक्कर मारून खाली उतरली, तर 'काही फरक पडला का?' हे तिच्या आईला विचारू नये. 'परत बसायचं का?' हे त्या मुलीला विचारावं, आणि ती जे सांगेल तसं करावं.