मोहाचे फूल आणि कायदा : शहापूर-मुरबाडच्या वाटेवरचा इतिहास

१/ मुंबईहून वाइनरी पाहायला निघालेल्या पर्यटकापुढे दोन घाट असतात. शहापूरवरून कसारा घाट चढला की नाशिकचे द्राक्षमळे. मुरबाड-टोकावड्यावरून माळशेज चढला की जुन्नर-नारायणगावचा परिसर, जिथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने वाइननिर्मिती सुरू केली. दोन्ही वाटांवर मोहाची झाडे लागतात. त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही.

२/ परदेशात हाच पर्यटक वाट वाकडी करून थांबतो. जॉर्जियाच्या काखेती प्रांतात द्राक्षाचा रस जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत आंबवतात. त्या रांजणांना ‘क्वेव्री’ म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. अलाव्हेर्दीच्या मठातील तळघर पाहून आलेले लोक ‘सेंद्रिय’, ‘प्राचीन’, ‘मातीशी नाते सांगणारे’ अशी विशेषणे सोबत घेऊन परततात.

३/ ती सारी विशेषणे मोहाला लागू पडतात. मोहाला खत नाही, फवारणी नाही. बहुतेक झाडे कोणी लावलेलीही नसतात. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गळतात आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांतील बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळल्यावर फुलात निम्म्याच्या आसपास साखरच उरते. फुले उकडून खातात, भाकरीत घालतात. फळांची भाजी होते, बियांचे तेल निघते. दारू हा त्या झाडाचा अनेकांपैकी एक उपयोग. तो मात्र देवकार्यापासून मर्तिकापर्यंत सर्वत्र मानाचा.

४/ कृती साधी. वाळलेली फुले काही दिवस पाण्यात आंबू द्यायची, मग मडके चुलीवर चढवून वाफ नळीवाटे थंड करायची. ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग मराठीला अशाच भट्टीने दिला. काटेकोर बोलायचे तर ही वाइन नव्हे, गाळीव मद्य आहे. येथे तुलना चवीची किंवा तीव्रतेची नसून कायद्याच्या वागणुकीची आहे.

५/ ही वागणूक बदलली ती १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. ठरलेल्या मोठ्या भट्ट्यांतच दारू गाळायची, विक्रीचे मक्ते द्यायचे आणि सरकारने कर घ्यायचा, अशी घडी बसली. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र होते आणि तेथील भट्ट्या मुख्यतः पारशी व्यावसायिकांच्या हाती होत्या. तेच फूल उरणच्या भट्टीत महसूल ठरे आणि शहापूरच्या पाड्यावर चोरी.

६/ खरा कळस झाला १८९२ मध्ये. दारू पिऊन संपते, मडके रानात लपवता येते, तेव्हा पकडायचे काय? उत्तर निघाले : फूलच पकडायचे. त्या वर्षीचा ‘म्होवरा कायदा’ ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी होता. दारूवर नव्हे, तर मोहफुले गोळा करणे, बाळगणे, विकणे यांवरच त्याने निर्बंध आणले. मुंबईच्या दारात असलेल्या या जंगलपट्ट्यात घरगुती दारू मक्तेदाराच्या दुकानाला सहज मात देत होती, हे लक्षात घेतले की दोन जिल्ह्यांची ही निवड उलगडते. अंगणात वाळत घातलेले उन्हाळ्याचे अन्न एका रात्रीत गुन्ह्याचा पुरावा झाले. कर वसूल करण्यासाठी फुलावर कायदा करणारे राज्य स्वतःला सुधारक म्हणवत होते, हेही नोंदवायला हवे.

७/ डेव्हिड हार्डिमन यांनी १९८५ च्या निबंधात दक्षिण गुजरातेत रूढीचा गुन्हा कसा झाला हे दाखवले. त्यांचेच पुढचे संशोधन १९२२ च्या देवी चळवळीवर आहे. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ही लाट डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरातेत पोहोचली. तिथे देवीच्या आज्ञेने हजारो आदिवासींनी स्वतःहून दारू सोडली आणि पारशी दारूवाल्यांकडे काम करणेही नाकारले. हा तपशील दोन्ही बाजूंच्या आवडत्या समजुतींना छेद देतो. दारू म्हणजेच आदिवासी संस्कृती, हे खरे नाही. आणि आदिवासीला दारू सोडवायला शिपाईच लागतो, हेही नाही.

८/ १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा वेगळ्या प्रेरणेतून आला. त्यामागे महसूल नव्हता, गांधीविचार होता. तरीही मोहफूल नियंत्रणाखालीच राहिले. २०२१ मध्ये राज्य शासनाने फुलांच्या साठवणीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. विनापरवाना गाळण्याची बंदी तशीच आहे.

९/ द्राक्षाचे नशीब निराळे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला अबकारी करात सवलत दिली. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. पाण्यावर आणि औषधांवर पोसलेले पीक ‘शेतकऱ्याचे हित’ ठरले. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले. मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचत गटांना परवाने दिले. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. पण येथे एक गंभीर आक्षेप आहे.

१०/ दारूने संसार मोडतात. गडचिरोलीत १९९३ ची दारूबंदी लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या दीर्घ लढ्यातून आली. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. तिथे मारले ते मिथेनॉलने, मोहाने नव्हे, हे खरे. पण मार खाणाऱ्या बाईला दारू कोणत्या फुलाची हा प्रश्न पडत नाही. ‘वारसा’ म्हणून चकचकीत बाटली शहरात विकली गेली, तरी तिची व्यथा तिथेच राहते आणि बहुधा नफाही पाड्यावर येत नाही.

११/ म्हणून मागणी सुटीची नसावी, निर्णयाच्या अधिकाराची असावी. १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी या दोन्ही गोष्टी ग्रामसभेच्या संदर्भात शेजारीशेजारीच लिहिल्या. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. ज्या ग्रामसभेला बंदी हवी तिला ती बंदी पाळून घेता यावी. जिला सणाला, देवाला मोह गाळायचा आहे तिच्यावर छापा पडू नये. आणि विकायचा ठरला तर परवाना पाड्यावरच्या गटाला मिळावा, दूरच्या कंपनीला नव्हे.

१२/ यातली अडचण भूगोलाची आहे. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात मोडतो, तर मुरबाडमधली काहीच गावे. त्यामुळे मुरबाडमध्ये एका गावाच्या ग्रामसभेला पेसाचा आधार आहे आणि क्षेत्राबाहेरच्या गावाला, तिथेही तेच ठाकर आणि तेच कातकरी राहत असले तरी, नाही. त्या गावांपुरता तरी आज आधार उरतो तो २००६ च्या वनहक्क कायद्यातील सामूहिक दाव्यांचा. तो फूल मिळवून देतो, भट्टीबद्दल काहीच बोलत नाही.