घोडबंदर रोडची बँजो पार्टी



आमच्या शेजारचा एक मुलगा कॉलेजात शिकतो. परवा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. दोन्ही कानांत बोंडं खुपसलेली, मान आपली हलतेय. मी विचारलं, "काय ऐकतोस रे बाळ?" तर म्हणाला, "रॉक बँड आहे आबा, तुम्हाला नाही कळायचं." मी काही बोललो नाही. पण मनात म्हटलं, अरे लेका, तुझा हा आबा गेल्या वैशाखात अख्खी संध्याकाळ एका रॉक बँडपुढे उभा राहून आलाय. तेही ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, एका शेतकऱ्याच्या मुलाच्या हळदीत.

त्या पोरांना कुणी रॉक बँड म्हणत नाही, हे खरं. त्यांना बँजो पार्टी म्हणतात. लग्नपत्रिकेवर त्यांचं नाव नसतं, आणि तीन गावांपलीकडे त्यांना कुणी ओळखत नाही. म्हणून आज त्यांची तुमच्याशी गाठ घालून देतो. पार्टीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तशा पार्ट्या त्या रस्त्यावर आणखीही आहेत, आणि एकीचं नाव घेतलं तर दुसरीच्या पोटावर पाय.

घोडबंदर रोड तुमच्यापैकी ज्यांनी गुजरातकडे माल नेला असेल त्यांना ठाऊक असेल. ठाण्याच्या कापूरबावडीपासून निघतो आणि खाडीकाठच्या घोडबंदर किल्ल्याकडे जातो. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये बाळकूम, कोलशेत, कावेसर, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, मोघरपाडा अशी गावं. वस्ती बरीचशी आगरी-कोळ्यांची, डोंगराकडे वारल्यांचे पाडे. गोड्या जमिनीत भात, खाऱ्या पट्ट्यात मिठागरं, खाडीत मासळी. माझ्या एका जुन्या स्नेह्याचं घर याच रस्त्यालगतच्या एका गावठाणात आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या ओट्यावरून खाचरं दिसायची. आता मान वर केली की वीस-तीस मजल्यांच्या इमारती आणि मेट्रोचे खांब दिसतात. गावठाण तेवढं मध्ये उरलंय, परातीच्या मधोमध वाटी ठेवावी तसं.

तर त्या वाटीत मांडव पडला होता. पार्टीचा टेम्पो गायमुखच्या घाटात ट्रकांच्या रांगेत अडकला, म्हणून पाचाची पोरं साडेसहाला आली. उतरली ती धावतच. एकाच्या हातात ढोलकी, दुसऱ्याकडे टिंबाली, तिसऱ्याच्या डोक्यावर मोठा ड्रम. एक ऑक्टोपॅड होता. ही आठ चौकोनांची पाटी असते, ज्या चौकोनावर काठी पडेल तसा आवाज निघतो, कुठे ढोल, कुठे टाळी, कुठे काच फुटल्यासारखा. एक कीबोर्ड. आणि सगळ्यांत शेवटी चाळिशीचा एक माणूस काखेत टॉवेलात गुंडाळलेली लांबट पेटी घेऊन उतरला. टॉवेल सोडला तो बाळाची दुपटी सोडावी तसा. तोच बँजो.

आता इथे जरा थांबू, कारण हे वाद्य मोठं गमतीचं आहे. अमेरिकेत ज्याला बँजो म्हणतात तो कातड्याने मढवलेला, गोल तोंडाचा, लांब मानेचा, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी तिकडे रुजवलेला. आपल्या बँजोचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही. आपल्याकडच्या वाद्याचं खरं नाव बुलबुल तरंग. आणि त्याचा मूळ पुरुष जपानी! 1912 साली जपानात मोरिता गोरो नावाच्या माणसाने ते तयार केलं. टाइपरायटरला असतात तशा कळा त्याने तारांवर बसवल्या. डाव्या हाताने कळ दाबली की तार हव्या त्या ठिकाणी दाबली जाते, उजव्या हाताने नखीने छेडली की सूर निघतो. त्या वर्षी जपानात तैशो नावाचं नवं राज्यपर्व सुरू झालं, म्हणून वाद्याचं नाव तैशोगोतो पडलं. सतार शिकायला जन्म जातो; हे वाद्य गरिबाच्या पोराने घरी बसून महिन्या-दोन महिन्यांत हाताखाली घालावं असं. स्वस्त, हलकं, कुठेही नेता येणारं. म्हणून ते जहाजांतून फिरलं. कराचीकडे पोचलं, बलुची लोकांनी त्याला मोठं केलं आणि बेंजू नाव देऊन आपलंसं केलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेलं. आपल्याकडे आलं ते मुंबईच्या चाळींत, कोकणात आणि ठाण्याच्या खाडीकाठी रमलं. भुईमूग आणि मिरची कुठून आली हे आज आपण विचारतो का? तसंच याचं झालं.

मूळ वाद्याचा आवाज मात्र बारीक. मांडवात पाचशे माणसं, त्यात ढोल, तिथे बुलबुल कुठला ऐकू येणार! म्हणून त्यावर पिकअप बसवतात. ही करामत मला त्या वाजवणाऱ्यानेच दाखवली, आणि ती तुम्हाला चटकन कळेल. आपल्या विहिरीवरच्या मोटारीत तांब्याच्या तारेचं वाइंडिंग असतं. वीज आत सोडली की मोटार फिरते. इथे उलटं. छोट्या लोहचुंबकाभोवती केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली असते. वर पोलादी तार थरथरली की त्या गुंडाळीत इवलीशी वीज उठते. ती तारेने अँप्लिफायरकडे नेली, वाढवली, की भोंग्यातून गावभर आवाज. अमेरिकेत 1930 नंतर जी विजेची गिटार निघाली, जिच्यावर सगळा रॉक उभा आहे, तिच्या पोटात हेच असतं. शेजारच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा कानातलं एक बोंड काढलं.

आणि रॉक तरी कुणाचं संगीत? त्याचं मूळ खोदत गेलात तर कापसाच्या शेतात निघतं. अमेरिकेत मिसिसिपी नावाचा प्रांत आहे, काळ्या जमिनीचा, आपल्या वऱ्हाडासारखा कापूसवाला. तिथे मडी वॉटर्स नावाचा एक शेतमजूर मळ्यावर राबत होता, ट्रॅक्टर चालवत होता आणि रात्री गिटार वाजवून गात होता. 1943 साली तो शिकागो शहरात कामासाठी गेला. तिथल्या गर्दीच्या गुत्त्यांत साध्या गिटारचा आवाज लोकांच्या कलकलाटात बुडायला लागला, तेव्हा त्याने विजेची गिटार हातात घेतली. गाणी शेतातलीच, आवाज शहराचा. पुढे इंग्लंडातल्या पोरांनी ते ऐकलं. त्यांतल्या एका बँडने तर मडी वॉटर्सच्या 1950 सालच्या एका गाण्यावरून स्वतःचं नावच ठेवलं, रोलिंग स्टोन्स. जगभर डंका वाजला तो त्यांचा. मडी वॉटर्स शेत सोडून शहरात गेला होता. घोडबंदर रोडच्या पोरांना कुठे जावंच लागलं नाही, शहर त्यांच्या बांधावर चालत आलं.

आपल्या मुंबईतही रॉक बँड झाले. 1984 साली रॉक मशीन नावाचा निघाला, 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा जलसा भरू लागला. पण ती मंडळी बहुतेक इंग्रजीत गाणारी, कॉलेजातल्या पोरांपुढे. आपल्या बँजोवाल्यांकडे पाहायला सिनेमावाल्यांनाही 2016 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुख त्यात बँजोवाला झाला होता. सिनेमा आला आणि गेला.

बरं, ऐकायचं कसं? पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटतो, मलाही वाटला. युक्ती अशी की आधी कान ढोलकीवर ठेवायचा. आगरी-कोळी गाण्यांचा ठेका बरेचदा सहा मात्रांच्या अंगाने झुलतो, होडी लाटेवर हेलकावे खाते तसा. तो एकदा पायात शिरला की मग टिंबाली आणि ऑक्टोपॅड त्याच्या मधल्या जागा कशा भरतात ते कळतं. भाताच्या आवणीत बाया ओळीने रोपं लावत मागे सरकतात ना, कुणी कुणाच्या पायात येत नाही, तसं. आणि मग बँजो. तो वरून येतो, धारदार, थोडा नाकात बोलणारा. एक गोष्ट ध्यानात घ्या, या पार्टीत गाणारा कुणी नसतो. बँजो नुसती चाल वाजवतो. एकवीरा आईचं गाणं असो, वेसाव्याच्या कोळ्यांचं असो की सिनेमातलं, शब्द मांडवातल्या माणसांच्या तोंडात आधीच असतात. म्हातारी आजी खुर्चीत बसल्या बसल्या शब्द म्हणत होती, आणि तिची नातसून नाचता नाचता तेच म्हणत होती. जगातल्या मोठ्या बँडांत एक गातो आणि हजार ऐकतात. इथे हजार गातात, आणि वाजवणारा खाली मान घालून कळा दाबतो.

हळद लावायच्या वेळी पार्टी आपण होऊन थांबली. मांडवाच्या कोपऱ्यात धवलारीण बसली होती. आगरी लग्नात धवलगीतं म्हणून विधी चालवणारी ही बाई, एकेकाळी लग्नच ती लावायची. ती गायला लागली तेव्हा ड्रमवाल्या पोराने काठ्या काखेत घेतल्या आणि डोक्याला रुमाल बांधला. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते फार बरं वाटलं.

मधल्या वेळात पोरांशी बोललो. एक टेम्पो चालवतो, एक कुरिअरची पाकिटं वाटतो. एक जण ज्या इमारतीत पहारेकरी आहे ती त्याच्या आजोबांच्या खाचरात उभी आहे, हे त्याने हसत सांगितलं. नोटेशन कुणाला येत नाही. सगळं कानाने उचललेलं. कामाला ते सुपारी म्हणतात, सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. पैशाची वाटणी आपल्या अर्धेलीसारखी आहे, आधी टेम्पोचं भाडं, मग ज्याची वाद्यं त्याचा हिस्सा, उरलेलं वाजवणाऱ्यांत सारखं. पावसाळ्यात हात रिकामे. मग गोविंदा आणि गणपती आले की पुन्हा तारा चढतात.

"आता सुपाऱ्या कमी झाल्या काका," बँजोवाला म्हणाला. "पोरांना डीजेच पायजे."

डीजे म्हणजे काय ते तुमच्या गावांतही आता पोचलंय. ट्रकवर भोंग्यांची भिंत, जनरेटर, आणि बटणं दाबायला एक माणूस. आठ-दहा पोरांच्या जागी एक बटणवाला. जवळ उभं राहिलं तर बरगड्या हलतात; गोठ्यातली जनावरं दावं तोडतात ते वेगळंच. आवाजाचा कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, आणि सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. मुंबईत रंगभवन नावाच्या उघड्या नाट्यगृहात रॉकवाल्यांचे जलसे व्हायचे, तेही जवळच्या इस्पितळामुळे शांतता क्षेत्र म्हणून थांबले. पण लोक एक हिशेब करतात तो मला पटत नाही. दहालाच बंद करायचं तर जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात छाती फुटेल एवढा आवाज हवा, म्हणून डीजे आणा! बँजो पार्टीचा आवाज कमी करायचा तर माणूस हात हलका करतो. भिंतीला हात नसतो.

खुद्द पार्टीतही भांडण आहेच. कीबोर्डवाला पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याचं म्हणणं, माझ्या पेटीत बँजोचा आवाज भरलेला आहे, एक बटण दाबलं की निघतो, मग तारा तुटण्याचा, सूर उतरण्याचा त्रास हवा कशाला? बँजोवाला यावर काही बोलला नाही. पुढच्या गाण्यात त्याने एका सुरावर कळ तशीच दाबून ठेवली, तार जराशी ओढली, सूर किंचित कलला, आणि आजीने खुर्चीतून "हां!" म्हटलं. कीबोर्डवाल्याने ते ऐकलं आणि हात मागे घेतला, हेही मी पाहिलं. पुढच्या दहा वर्षांत यांतला कोण खरा ठरेल, सांगता येत नाही. मला विचाराल तर तो कललेला सूर पेटीत भरलेला नव्हता.

दहाला पाच मिनिटं कमी असताना पार्टी थांबली. ड्रमवाल्याने कानांतले कापसाचे बोळे काढून खिशात ठेवले. रोज ड्रमशेजारी बसायचं तर कान जपावेच लागतात, नाहीतर बहिरेपण येऊ शकतं; पण नुसता कापूस त्याला पुरत नाही, कानात घालायचे खास प्लग हवेत. तुमच्या गावात ढोल-ताशावाले असतील त्यांनाही सांगा.

आणि तुमच्यापैकी कुणी अशी पार्टी बोलावणार असाल तर दोन-तीन गोष्टी. विसार देताना वेळ आणि गाण्यांची यादी ठरवून घ्या, नंतर मांडवात हुज्जत नको. मांडवापर्यंत विजेची चांगली जाड तार आणि मातीत गाडलेलं अर्थिंग द्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून पोरं विजेचं वाद्य वाजवतात. जेवण वाजवून झाल्यावर उरलंसुरलं देऊ नका, आधी बसवा. त्या रात्री माझ्या स्नेह्याने त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं होतं, आणि साडेसहाला उशिरा आल्याबद्दल एक शब्द काढला नाही.

निघताना बँजोवाल्याने वाद्य पुन्हा टॉवेलात गुंडाळलं आणि मला विचारलं, "काका, तुमच्याकडं जत्रा कधी असतं?" म्हटलं, चैत्रात, पौर्णिमेला. "घाटावर लोकांना बँजो चालंल काय?" मी म्हटलं, विचारून सांगतो. तर मंडळी, विचारतोय.