प्रत्येक पांघरुणाला त्याचं नाव

ब्लँकेट या एका इंग्रजी शब्दाने आपल्या परदेशातल्या घरांतून मराठीची निदान अर्धा डझन नावं हद्दपार केली आहेत. चादर, घोंगडी, वाकळ, दुलई, रजई, पासोडी या सगळ्यांसाठी आपण मुलांच्या हाती तेवढा एकच शब्द देतो. ही सवय आपण मोडली पाहिजे.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मागांवर विणली जाणारी चादर सुती असते. ताण्याचा कोणता धागा कधी उचलायचा, ते जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात. त्यामुळे नक्षी वरून छापलेली नसते, ती विणीतच उतरते. दोन्ही बाजूंना तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल. हे कसब मुख्यतः तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी वाढवलं. तेलुगूत पांघरुणाला दुप्पटी म्हणतात, पण जगभर नाव झालं ते सोलापुरी चादरीचं. त्याच नावाला भौगोलिक मानांकन आहे. कायद्याने इथे वस्तूबरोबर तिचं नावही राखलं.

घोंगडी मेंढीच्या लोकरीची. तिला चिंचोक्याची खळ देतात, आणि धनगराला ती उन्हापावसात सारखीच उपयोगी पडते. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, घरच्या बायकांनी हाताने टाके घालून शिवलेले. रजईत कापूस भरलेला. पासोडी जाड सुती. संतकवी दासोपंतांनी आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ पासोडीवर लिहिला, आणि ती अंबाजोगाईत आजही जपलेली आहे. कच्चा माल कोणता, हात कुणाचे, ऋतू कोणता, हे सगळं या नावांतच आहे. नाव गेलं की ही माहितीही जाते.

ब्लँकेट हा शब्द मूळचा फ्रेंचमधल्या ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. पांढऱ्या लोकरी कापडाचं ते नाव. पुढे त्याला अनेक अर्थ फुटले. ‘ब्लँकेट बॅन’ म्हणजे सरसकट बंदी. ‘वेट ब्लँकेट’ म्हणजे सगळ्यांच्या उत्साहावर विरजण घालणारा माणूस. मराठीत यातल्या कुठल्याच ठिकाणी पांघरूण येत नाही. एका शब्दाला एकच प्रतिशब्द शिकलेलं मूल इथे अडतं. प्रसंग पाहून शब्द निवडायला शिकलेलं मूल दोन्ही भाषांत सहज वावरतं.

‘मुलांना अर्थ कळला की झालं, इतके शब्द कशाला?’ असं काही पालक विचारतात. पण दुकानात गेल्यावर क्विल्ट, कम्फर्टर, डूव्हे आणि थ्रो यांतला फरक हेच पालक नेमका सांगतात. इंग्रजीत जी बारकाई आपल्याला गरजेची वाटते, ती मराठीत ओझं कशी ठरते?

म्हणून आपल्या मंडळाच्या मराठी शाळेला माझी एक सूचना आहे. या थंडीत एका रविवारी मुलांना घरातलं एकेक पांघरूण आणायला सांगावं. मुलांनी ते हाताळावं, वीण आणि टाके पाहावेत, घरी त्याला काय म्हणतात ते आजी-आजोबांना फोन करून विचारावं आणि वर्गात सांगावं. सोलापूरकरांचा शब्द कोकणातल्या मुलीच्या आजीच्या शब्दापेक्षा वेगळा निघाला, तर दोन्ही फळ्यावर लिहावेत. मंडळाच्या पुढच्या अंकात या नावांचा एक पानभर कोश मुलांच्याच नावाने छापावा. त्याची तयारी करायला मी आनंदाने येईन.